परदेशातील गर्भपाताशी संबंधित संस्थांना सरकारी पैसा: ख्रिस्ती करदात्याची जबाबदारी कुठवर?

प्रश्न
हडसनकाठी

सर्वांना सप्रेम जय ख्रिस्त.

मी मूळचा अहिल्यानगरचा. बऱ्याच वर्षांपासून न्यू जर्सीत राहतो आणि येथील नागरिक म्हणून कर भरतो. आमच्या मंडळीच्या अभ्यासगटात एका विषयावर मतभेद झाले आहेत आणि ते अजून मिटलेले नाहीत. मराठी ख्रिस्ती वाचकांचे मत घ्यावे, म्हणून येथे लिहीत आहे.

२४ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ‘मेक्सिको सिटी धोरण’ पुन्हा लागू केले. रेगन सरकारने १९८४ साली मेक्सिको सिटीतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत ते प्रथम जाहीर केले, म्हणून त्याला हे नाव पडले. क्लिंटन यांनी ते १९९३ मध्ये रद्द केले, धाकट्या बुश यांनी २००१ मध्ये परत आणले, ओबामांनी २००९ मध्ये काढले, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये आणले आणि बायडेन यांनी २०२१ मध्ये पुन्हा काढले. अमेरिकेबाहेरच्या ज्या बिगरसरकारी संस्थेला अमेरिकी सरकारची मदत हवी असेल, तिने कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून गर्भपात करायचा नाही, तो सुचवायचा नाही आणि आपल्या देशातील गर्भपाताचा कायदा सैल व्हावा म्हणून प्रयत्नही करायचा नाही, अशी त्याची अट आहे. संस्थेने हे काम दुसरीकडून मिळवलेल्या पैशातून केले तरी ही अट मोडते. बलात्कार, जवळच्या नात्यातील लैंगिक अत्याचार आणि आईच्या जिवाला धोका, हे अपवाद मानले आहेत.

आमच्या गटातील काहींचे म्हणणे असे की हे धोरण नसेल तर आपला पैसा परदेशात गर्भ मारण्यासाठी जातो. मी थोडे वाचन केले तेव्हा लक्षात आले की १९७३ च्या हेल्म्स दुरुस्तीनुसार कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून होणाऱ्या गर्भपातासाठी परदेशी मदतीचा पैसा वापरण्यास तेव्हापासूनच मनाई आहे. ओबामांच्या काळातही ही मनाई होती आणि बायडेन यांच्या काळातही होती. तेव्हा वाद प्रत्यक्ष गर्भपाताच्या खर्चाचा नाही. एखादी संस्था स्वतःच्या दुसऱ्या पैशातून ते काम करत असेल, तर तिच्या गर्भनिरोधकांच्या किंवा लसीकरणाच्या कामाला आपण पैसा द्यावा का, एवढाच तो आहे.

गर्भातील जीव देवाने घडवलेला आहे आणि तो पवित्र आहे, हे मी मानतो. त्यावर येथे चर्चा नको. मला विचारायचे आहे ते पुढचे. जी संस्था आपल्या दृष्टीने एक गंभीर अपराध करते आणि शेजारच्याच खोलीत एक चांगले कामही करते, तिच्या त्या चांगल्या कामाला सरकारने दिलेल्या पैशामुळे मी, एक साधा करदाता, त्या अपराधात सहभागी ठरतो का? आणि ठरत नसेन, तरीही मतदार म्हणून मी या अटीला पाठिंबा द्यावा का?

प्रतिसाद १
वसईचा वाचक

प्रश्न नेमका आहे, आणि कॅथोलिक नीतिशास्त्रात त्यासाठी एक जुनी चौकट आहे. अठराव्या शतकात संत आल्फोन्स लिगोरी यांनी तिची मांडणी पक्की केली. दुसऱ्याच्या पापकृत्यातील सहभाग दोन तऱ्हेचा असतो. त्याचा हेतू आपलासा करून केलेला सहभाग कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. हेतू मान्य नसताना केवळ आपल्या कृतीचा त्याला उपयोग झाला, तर तो दुसऱ्या तऱ्हेचा सहभाग. तेथे आपली कृती त्या कृत्यापासून किती लांब आहे, ती करण्यामागचे कारण किती गंभीर आहे, आपल्यावाचून ते कृत्य अडले असते का आणि आपल्या वागण्याने इतरांची श्रद्धा डळमळते का, हे तपासून ठरवावे लागते.

या चौकटीत कर भरणारा माणूस फार लांब उभा आहे. पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले तेव्हा नीरो सत्तेवर होता, आणि त्या राज्यात नको असलेले अर्भक उघड्यावर टाकून देणे बापाच्या अधिकारात बसत होते. तरीही ज्याला कर द्यायचा त्याला तो द्या, असे पौल तेराव्या अध्यायात सांगतो. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे मी निःशंकपणे देतो. आपण अपराधी ठरत नाही.

दुसऱ्या प्रश्नात मात्र पौलाच्या वाचकांची आणि आपली स्थिती एक राहत नाही. नीरोचा खजिना कोठे खर्च व्हावा हे रोममधील ख्रिस्ती गुलामाला कोणी विचारत नव्हते. आपल्याला विचारले जाते. जेथे आपले मत मोजले जाते तेथे आपली जबाबदारी करदात्यापेक्षा मोठी होते, आणि कायदा करणाऱ्याची त्याहूनही मोठी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘एवान्जेलियुम व्हिते’ या परिपत्रकात नेमका हाच विषय घेतला आहे. गर्भपाताचा कायदा पूर्ण मागे घेणे शक्य नसेल आणि लोकप्रतिनिधीचा त्याला असलेला विरोध सर्वांना माहीत असेल, तर त्या कायद्याची हानी कमी करणाऱ्या प्रस्तावाला त्याने पाठिंबा देणे योग्य आहे, असे त्यातील ७३ व्या परिच्छेदात सांगितले आहे. मेक्सिको सिटी धोरण मला असाच हानी कमी करणारा प्रस्ताव वाटते.

आता शेजारच्या खोलीबद्दल. एका संस्थेच्या हिशोबात दोन खाती असली तरी इमारत एक असते, गाडी एक असते, डॉक्टरचा पगार एक असतो आणि गावात मिळणारा विश्वासही एकच असतो. गर्भनिरोधकांच्या खर्चाची काळजी सरकारने घेतली की संस्थेचा मोकळा झालेला पैसा दुसऱ्या खोलीत जातो. हेल्म्स दुरुस्तीने हिशोबाची वही स्वच्छ राहते. संस्थेच्या बळावर तिचा काही परिणाम होत नाही. मदत देणाऱ्याने ‘आम्ही तुमच्यासारख्या संस्थेला बळ देणार नाही’ असे म्हणणे हा सूड नव्हे. ऑस्ट्रेलियातही असे घडले आहे. टास्मानियाचे अपक्ष सिनेटर आणि श्रद्धावान कॅथोलिक ब्रायन हॅराडीन यांच्या आग्रहामुळे १९९६ मध्ये तेथील परदेशी मदतीवर गर्भपाताबाबत निर्बंध आले आणि ते २००९ पर्यंत टिकले. एका माणसाचे मत निर्णायक ठरले तेव्हा त्याने ते ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी वापरले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

प्रतिसाद २
माताआरोग्य

मी प्रोटेस्टंट आहे, परिचारिकेचे शिक्षण घेतलेली आहे आणि पूर्व आफ्रिकेतील मातृआरोग्याच्या प्रकल्पांवर काम केलेले आहे. वसईकर भाऊंनी सहभागाची चौकट फार स्वच्छ समजावून सांगितली. मी तीच चौकट घेऊन वेगळ्या निष्कर्षावर येते, कारण ‘हानी कमी करणारा प्रस्ताव’ हे शब्द या धोरणाला लागू पडतात असे मला वाटत नाही.

२०१९ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आफ्रिकेतील सहाराच्या दक्षिणेकडील २६ देशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९५ ते २०१४ या काळात धोरण लागू असलेली आणि नसलेली वर्षे त्यात ताडून पाहिली आहेत. अमेरिकी मदतीवर अधिक विसंबून असलेल्या देशांत, कमी विसंबून असलेल्या देशांच्या तुलनेत, धोरण लागू असताना गर्भपाताचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेले दिसले. आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर १४ टक्क्यांनी घटला आणि गर्भधारणा १२ टक्क्यांनी वाढल्या. ओबामांनी धोरण काढल्यावर हा कल उलटला. जे थांबवण्यासाठी अट घातली तेच वाढले, असे हे आकडे सांगतात.

याचे कारण दवाखान्याच्या ओसरीवर बसलेल्या कोणालाही कळेल. जी संस्था अटीवर सही करत नाही, तीच पुष्कळदा त्या भागात गर्भनिरोधके पुरवणारी मुख्य संस्था असते. इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशन आणि मेरी स्टोप्स या आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन संस्थांनी सही नाकारली, त्यांचा पैसा थांबला, आणि पैसा थांबला की सर्वांत आधी बंद होते ते दूरच्या खेड्यात जाणारे फिरते पथक. तेथील बाईला तीन महिन्यांचे इंजेक्शन मिळेनासे होते. चौथ्या किंवा पाचव्या मुलानंतर पुन्हा दिवस गेले की ती गावातील अशा कोणाकडे तरी जाते, जिच्याकडे ना स्वच्छ हत्यार असते ना औषध.

ज्या संस्था सही करतात त्यांचेही पाहावे. गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीवर उपचार करण्यास या धोरणात कधीच मनाई नव्हती. जेथे गर्भपात कायदेशीर आहे, तेथे स्त्रीने आधीच निर्णय घेतलेला असेल आणि सुरक्षित ठिकाण कोणते असे तिने स्वतः विचारले, तर उत्तर देण्याचीही मुभा होती. पण ही बारीक कलमे वॉशिंग्टनमधील वकिलांना ठाऊक असतात. आरोग्य केंद्रातील परिचारिकेला एवढेच ठाऊक असते की या विषयावर तोंड उघडले तर सर्वांचे पगार जातील. रक्तस्राव होत असलेली मुलगी समोर आली तरी कर्मचारी चाचरतात. भीती नियमापेक्षा नेहमी दोन पावले पुढे असते.

आणखी एका गोष्टीकडे मी लक्ष वेधू इच्छिते. धाकटे बुश स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि हे धोरण त्यांनीच परत आणले होते. तरीही २००३ मध्ये एड्सविरुद्धच्या ‘पेपफार’ कार्यक्रमासाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर देण्याचे ठरले, तेव्हा ती मदत त्यांनी या अटीतून वगळली. मरणाऱ्या माणसाच्या औषधाला अशी अट जोडू नये, हे त्यांना कळले होते. २०१७ मध्ये ती मर्यादा पुसली गेली. आधी सुमारे ६० कोटी डॉलरच्या कुटुंबनियोजन मदतीपुरती असलेली अट एचआयव्ही, मलेरिया आणि बालआरोग्यासह जवळजवळ साऱ्या जागतिक आरोग्य मदतीला, म्हणजे अनेक अब्ज डॉलरना लागू झाली. लिगोरींच्या कसोटीने विचारते: मच्छरदाण्या वाटणाऱ्या संस्थेला दिलेला डॉलर त्या कृत्यापासून किती लांब आहे?

प्रतिसाद ३
वसईचा वाचक

माताआरोग्य ताई, आपण प्रत्यक्ष पाहिलेले आहे, त्यामुळे आपले म्हणणे मी गंभीरपणे घेतो. २०१७ चा विस्तार आणि मूळ धोरण यांत फरक करायला हवा, हे मला मान्य आहे; पेपफारचे उदाहरण माझ्याही मनात राहील.

परंतु दोन गोष्टी नोंदवतो. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार, विस्तारित धोरणाच्या सुरुवातीच्या काळात तेराशेहून अधिक प्रकल्पांना ही अट लागू झाली आणि ५४ वेळा संस्थांनी ती नाकारली. त्यात सुमारे १५ कोटी ३० लाख डॉलर गुंतलेले होते. म्हणजे बहुसंख्य संस्थांनी सही केली. ज्यांनी नाकारली त्यांच्याकडे निवड होती, आणि त्यांनी गर्भपाताचे काम सोडण्यापेक्षा गर्भनिरोधकांचा पैसा सोडणे पसंत केले. फिरते पथक बंद झाल्याचा सगळा दोष अट घालणाऱ्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. चांगले व्हावे म्हणून वाईट करू या, असे म्हणणाऱ्यांना पौल रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्टपणे दूर सारतो. परिणामांचे आकडे महत्त्वाचे आहेत, तरी केवळ त्यांवर नीती उभी राहत नाही. गर्भपात हे आरोग्यसेवेचे एक साधारण अंग आहे, अशी शिकवण देणाऱ्या संस्थेला माझे सरकार सन्मानाने जोडीदार म्हणून निवडते, तेव्हा ते काहीतरी साक्ष देत असते. पहिल्या किंवा दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती मंडळीच्या ‘दिदाखे’ या लहानशा पुस्तिकेत गर्भपात आणि बालहत्या यांना एकाच वाक्यात मनाई आहे. रोमच्या सत्तेपुढे ती मंडळी अगदी दुबळी होती, तरी तिने ही साक्ष सोडली नाही.

प्रतिसाद ४
जुनी दप्तरे

चर्चा अमेरिका आणि आफ्रिका यांच्यावर चालली आहे. एक धागा आपल्याकडून जातो, तो जोडतो. ज्या फेडरेशनचे नाव वर आले तिची स्थापना १९५२ साली मुंबईतील एका परिषदेत झाली. त्या परिषदेच्या यजमानपदी १९४९ मध्ये स्थापन झालेली भारतीय कुटुंबनियोजन संघटना होती. धन्वंती रामा राव आणि मार्गारेट सँगर या दोघी फेडरेशनच्या स्थापनेमागे होत्या. भारतात १९७१ पासून ठरावीक अटींखाली गर्भपात कायदेशीर आहे. म्हणजे भारतातील एखाद्या संस्थेने या धोरणावर सही केली, तर आपल्या संसदेने स्त्रीला दिलेल्या मार्गाची माहिती तिला आपणहून देणे त्या संस्थेला बहुतेक प्रसंगी बंद होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये मनिला येथे, श्रीमंत देश गरीब देशांच्या कुटुंबांवर आपले विचार लादतात, अशी तक्रार केली होती. ती तक्रार मला पटते. पण केनियातील एखाद्या संस्थेने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या संसदेपुढे काय मांडावे हे वॉशिंग्टनने ठरवणे, हे त्याच तक्रारीत बसत नाही का, हा प्रश्न वसईकरांनी विचारात घ्यावा. गर्भपात अनैतिक आहे असे मानूनही हा प्रश्न उरतो.

मात्र पैसा देणाऱ्याने सद्सद्विवेक बाजूला ठेवला की काय होते, हे आपण महाराष्ट्रात पाहिले आहे, म्हणून अट घालण्याची कल्पनाच मी फेटाळत नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. त्या वर्षांत भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाला जागतिक बँकेची आणि स्वीडनची मदत होती. पुणे जिल्ह्यातील एखाद्या मजुराला शिबिरात ओढून नेले जात असताना दूरच्या देशातील ख्रिस्ती करदात्याचा पैसाही त्या यंत्रणेमागे होता. त्या करदात्याने तेव्हा प्रश्न विचारायला हवा होता, असे मला वाटते.

अमेरिकेत यासाठी १९८५ पासून केम्प-कास्टन दुरुस्ती आहे. सक्तीचा गर्भपात किंवा इच्छेविरुद्ध नसबंदी यांच्या कार्यक्रमाला साहाय्य करणाऱ्या संस्थेला पैसा देऊ नये, असे ती सांगते. तिचा गैरवापरही होतो. २००२ मध्ये चीनमधील कामावरून संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचे ३ कोटी ४० लाख डॉलर बुश सरकारने रोखले, जरी त्यांच्याच परराष्ट्र खात्याने चीनला पाठवलेल्या पथकाला त्या निधीने सक्तीला जाणूनबुजून साथ दिल्याचा पुरावा सापडला नव्हता. तरीही सक्तीविरुद्धची अट मूळात बरोबर आहे आणि गर्भपाताबद्दल कोणतेही मत असलेल्या ख्रिस्ती माणसाला ती मान्य व्हावी.

शेवटी साक्षीबद्दल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा गर्भवती विधवांना त्यांनी उपदेश केला नाही. येथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, ठेवायचे तर ठेवा, असे सांगितले. पुढे केडगावला पंडिता रमाबाईंनी कृपासदनात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ठेवून घेतले. अभ्यासगटाने ‘कोणाला पैसा देऊ नये’ यावर जेवढा वेळ घालवला, तेवढा ‘कोणाला द्यावा’ यावर घालवला आहे का, हे हडसनकाठींनी सांगावे.

प्रतिसाद ५
हडसनकाठी

सर्वांचे मनापासून आभार. जुनी दप्तरे यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर, नाही. चार बैठकांत आम्ही नकाराबद्दलच बोललो.

मी करदाता म्हणून अपराधी नाही, हे मला आता पटले आहे, आणि मतदार म्हणून मी बेजबाबदार राहू शकत नाही, हेही पटले आहे. हेल्म्स आणि केम्प-कास्टन या दोन्ही दुरुस्त्या टिकाव्यात, असे माझे मत आहे. मेक्सिको सिटी धोरणाच्या मूळ रूपाबद्दल मी अजून वसईकर आणि माताआरोग्य यांच्या मधे आहे. सरकारने जोडीदार निवडताना साक्ष द्यावी हा मुद्दा मला खोल वाटतो, आणि बाईला इंजेक्शन न मिळाल्यामुळे जे घडते तेही मी डोळ्यांआड करू शकत नाही. विस्तारित रूप मात्र मला ख्रिस्ती वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती. परदेशी मदत पोहोचवणारे यूएसएड हे खाते जुलै २०२५ मध्ये बंद झाले, आणि त्याआधीच हजारो करार रद्द झाले होते. त्यांत गर्भपाताशी दुरूनही संबंध नसलेले प्रकल्प होते. ज्या मिशन दवाखान्यांनी ही अट आनंदाने पाळली असती, अशांचाही पैसा थांबला. सही करणाऱ्यांना पैसा द्या, असे वसईकर म्हणतात; तर तो त्यांना मिळतो की नाही हे पाहणे आमच्यासारख्यांचे काम झाले.

प्रतिसाद ६
वसईचा वाचक

या शेवटच्या मुद्द्यावर मी आपल्यासोबत आहे. न देण्याची अट तेव्हाच नैतिक ठरते, जेव्हा देणारा प्रत्यक्षात देत असतो. जुनी दप्तरे यांनी केनियाच्या संसदेबद्दल जे विचारले, त्यावर माझ्याकडे आज समाधानकारक उत्तर नाही. मला वाटते की प्रचाराचे कलम आणि प्रत्यक्ष गर्भपात करण्याचे कलम वेगळे काढून तपासावे लागतील, आणि पहिल्याची बाजू दुसऱ्याइतकी भक्कम नाही.

प्रतिसाद ७
माताआरोग्य

हडसनकाठी, आपला गट आपल्या प्रतिनिधींना पत्र लिहिणार असेल, तर त्यात धोरणाचे नाव घेण्याआधी दोन ठोस गोष्टी मागाव्यात. एचआयव्ही, मलेरिया आणि बाळंतपणाच्या सेवांना २००३ प्रमाणे अटीबाहेर ठेवावे. आणि जेथे सही न करणारी संस्था ही त्या जिल्ह्यातील एकमेव संस्था आहे, तेथे पैसा थांबवण्याआधी पर्यायी दवाखाना उभा आहे का, हे तपासणे बंधनकारक करावे. गर्भपाताबद्दल आपल्या गटात ज्यांची मते टोकाची वेगळी आहेत, तेही या दोन मागण्यांवर सही करू शकतील असे मला वाटते. मसुदा तयार झाला की येथे टाका. आकडे आणि संज्ञा मी तपासून देईन.